फादरला बोलव

चर्चचे कपडे धुण्याचा एक नियम आहे. तो आधी सांगते, म्हणजे मी किती नियमाची बाई आहे ते कळेल. मिस्साच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेच्या वेळी वेदीवरच्या प्याल्याखाली जो चौकोनी रुमाल अंथरतात, त्याचं पहिलं पाणी गटारात ओतायचं नाही. प्रसादाचा एखादा कण त्याला चिकटून राहिला असेल तर? म्हणून ते पाणी मातीत ओतायचं. मग साबण, मग खळ, मग इस्त्री, आणि घडी तीन उभ्या, तीन आडव्या, नऊ घरांची. एकतीस वर्षं मी हे करते आहे. माझ्या लाँड्रीत गल्लीभरचे शर्ट-पँट येतात, त्यांचं पाणी कुठे जातं ते मी कधी वाकून बघितलं नाही. पण चर्चच्या रुमालांचं पहिलं पाणी एकदाही चुकलं नाही. मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला ते इतकं मिळालंय की माणसांच्या आधी हे झाड स्वर्गात जाणार, असं धाकटा म्हणायचा.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो फादर होता. की आहे? काय म्हणायचं ते मला अजून धड ठरवता येत नाही.

ज्या दिवशी तो फादर झाला, त्या दिवसापासून आईने त्याला अरे-तुरे करणं सोडलं. सकाळी "अरे मेल्या, तुझा दुसरा मोजा कुठे गेला?" म्हणून घर डोक्यावर घेणारी बाई संध्याकाळी म्हणाली, "फादर, तुम्ही बसा ना." तो बिचारा खुर्चीच्या कडेला टेकला, मुलगी बघायला आल्यासारखा. म्हणाला, "आई, मी तुझाच ना गं?" तर म्हणाली, "तुम्ही आता सगळ्यांचे." मग मलाही अहो-जाहो करणं आलं. ज्याचं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलं, त्याला अहो! तो मला एकटीला गाठून म्हणायचा, "ताई, निदान तू तरी नको ना." पण मी नियमाची बाई. आमच्या घरात 'फादर' म्हटलं की तो एकच. चर्चमध्ये किती फादर आले नि बदलून गेले, त्यांना आई 'ते मोठे', 'ते चष्मेवाले', 'ते नवे' असंच म्हणायची. हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

आई नर्स होती, बाळंतपणाच्या इस्पितळात. छत्तीस वर्षं. आमच्या धर्मात एक सोय आहे. जन्मलेलं मूल जगत नाही असं दिसलं आणि फादर यायला वेळ नसला, तर जवळ असेल त्याने बाप्तिस्मा द्यावा. बाईने दिला तरी तो पक्का. आईच्या एप्रनच्या खिशात पाण्याची एक छोटी बाटली असायची, औषधाची, लेबल खरवडून काढलेली. किती मुलांच्या कपाळावर तिने ते पाणी घातलं, ते तिने कधी सांगितलं नाही.

आणि धाकट्याने नेमकं तेच उचललं.

एका रविवारी तो वेदीवर उभा राहून म्हणाला, "माझ्या आईने दिलेला बाप्तिस्मा स्वर्गात चालतो. मग तिच्या हातची मिस्सा का चालू नये? बायकांना फादर का होऊ देत नाही आपण?"  पुढे म्हणाला, "छत्तीस वर्षांत तिच्या हातून एकही मूल चुकलं नाही." आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली ती मिस्सा संपेपर्यंत वर केली नाही. मला वाटलं, चारचौघांत नाव घेतलं म्हणून लाजली.

घरी आल्यावर म्हणाली, "फादर, मला कशाला ओढलंत त्यात?"

"आई, खरं तेच तर बोललो."

"तुम्हाला काय माहीत खरं काय ते?" ती म्हणाली, आणि उठून कपबश्या विसळायला गेली.

मग तो थांबलाच नाही. सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, आणि दर शनिवारी बिशपच्या बंगल्याबाहेर एक स्टूल आणि एक कापडी फलक घेऊन बसायला लागला. 'बायकांनाही वेदी' असं त्यावर लिहिलेलं. तो फलक त्याने आधी माझ्याकडे आणला होता, इस्त्रीला. मी म्हटलं, "माझ्या इस्त्रीखाली हे येणार नाही. ज्या टेबलावर वेदीचे रुमाल होतात त्या टेबलावर तर नाहीच नाही." त्याने तो गुंडाळला आणि घेऊन गेला. पेपरात फोटो आला त्यात फलकाच्या मधोमध ही एवढी चुणी. खरं सांगते, फलकापेक्षा मला त्या चुणीची जास्त लाज वाटली. लाँड्रीवालीचा भाऊ!

माझं त्याच्याशी पटत नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन हजार वर्षांचं शहाणपण माझा भाऊ स्टुलावर बसून मोडीत काढणार? जो परवापर्यंत बुटाच्या नाड्या बांधताना जीभ बाहेर काढायचा? आणि बायकांच्या वतीने भांडायला त्याला सांगितलं कोणी? मी नव्हतं सांगितलं. मला रुमाल पुरे होते.

बिशपने चार वर्षं वाट पाहिली, तीनदा समज दिली. शेवटी एक कागद पुढे केला: चर्चची शिकवण मला मान्य आहे, खाली सही. धाकट्याने सही केली नाही. म्हणाला, "खोटं कसं लिहू?" मग ते पत्र आलं.

पत्र वाचायचं काम नव्या फादरांवर आलं. नवे गोल गरगरीत, मनाने मऊ. पत्रात धाकट्याबद्दल लिहिलं होतं: यापुढे त्यांना मिस्सा करता येणार नाही. पापाची कबुली ऐकता येणार नाही. त्यांच्याकडून कोणी कोणताही संस्कार घेऊ नये. मी तिथपर्यंत ऐकलं आणि उठून बाहेर गेले. पायरीवर बसून रडले. आई मात्र जागची हलली नाही, शेवटचा शब्द होईपर्यंत बसली. नंतर ते पत्र चर्चच्या दारातल्या फळ्यावर लागलं. आठवड्यातून दोनदा मी रुमालांची पेटी घेऊन त्या फळ्यावरून गेले, आणि दर वेळी मान दुसरीकडे वळवली.

धाकटा सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेऊन राहायला लागला. मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. मी त्याला पुन्हा अरे-तुरे करायला लागले, मुद्दाम, टोचावं म्हणून. त्याला ते आवडतं हे माहीत असून. आईने मात्र अजबच केलं. तिने त्याला ना तू म्हटलं ना तुम्ही. तो आला की, "येणं झालं?" ताट वाढलं की, "जेवण व्हायचंय ना?" निघाला की, "आता कधी येणं होणार?" चौदा महिने ही बाई अशी बोलली. आपल्या भाषेत तशी सोय आहे म्हणून बरं. मला वाटायचं, ती त्याला शिक्षा करते आहे.

मग तिच्या हृदयाने हात टेकले. छातीत पाणी भरायचं, काढलं की पुन्हा भरायचं. त्या सकाळी डॉक्टर तपासून दाराबाहेर आले आणि म्हणाले, "आता दिवस धरू नका. तास धरा."

अकरा वाजता आईने डोळे उघडले. शुद्धीवर होती, स्पष्ट बोलली.

"फादरला बोलव."

"बोलवते."

"मला कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय जायचं नाही मला."

मी फोन केला तो चर्चच्या घरी. तिथल्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, नवे फादर बिशपकडे बैठकीला गेलेत, पाचपर्यंत येतील. मी म्हटलं, आल्या पावली पाठवा. आईला सांगितलं, "निघालेत." ती हसली. इतकी छान हसली की मला वाटलं, आज काही होत नाही हिला.

धाकट्याची खोली आमच्यापासून दहा मिनिटांवर. चालत.

त्याला फोन करावा असं मनात आलं होतं. नाही आलं असं म्हणणार नाही. पण म्हटलं, तो येऊन बसला आणि नवे आले तर पलंगाशी दोघं एकमेकांसमोर, उगाच अवघड. नव्यांचं आवरलं की त्याला कळवू. हे वरचं कारण. आतलं कारण असं, की मला राग होता. एक सही करायला काय जात होतं? केली असती तर आज त्याला ऐटीत बोलावता आलं असतं. बसू दे जरा बाहेर. असं माझ्या मनात आलं, आई पलीकडच्या खोलीत मरत असताना.

"आले का?" आईने बारा वाजता विचारलं. एक वाजता पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "वाटेत आहेत."

माझे हात रिकामे राहत नाहीत. दीड वाजता मी रविवारचा लांब पांढरा झगा इस्त्रीला घेतला. मिस्साला फादर सगळ्यांत आत घालतात तो, घोट्यापर्यंतचा. झाल्यावर चुणी पडू नये म्हणून मी तो खांद्यावरून दोन्ही हातांवर घेतला आणि आईच्या खोलीत आले, कारण तेवढा उंच टांगता येईल असं कपाट तिच्याच खोलीत आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड माझ्या पाठीमागून. तिला दिसलं ते एवढंच असणार: दारात कोणीतरी उभं आहे, आणि ते पांढरं आहे.

"आलात?" ती म्हणाली. "किती वाळलात हो, फादर."

मी जागच्या जागी उभी राहिले.

तिने दोन्ही हात जोडून छातीवर घेतले. "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे." कबुलीची सुरुवात अशीच करायची असते. मग ती दोन वाक्यं बोलली. ती मी इथे लिहिणार नाही. का ते पुढे कळेल. तिसरं सुरू केलं होतं.

मी गप्प राहायला हवं होतं. फक्त उभं राहायला हवं होतं. पण एक बाई कबुली ऐकते आहे, आणि ती बाई मी आहे, ह्याची मला भीती वाटली. पाप तिचं नाही, माझंच घडतंय असं वाटलं. मी घाईघाईने म्हणाले, "आई, आई, मी आहे गं. मी. थोरली."

ती थांबली. डोळे बारीक करून बघितलं. जोडलेले हात हळूच सोडले आणि चादरीखाली घेतले, चोरी पकडली गेल्यासारखे.

"हो का," ती म्हणाली. "बरं. तुझं इस्त्रीचं काम राहिलं असेल ना. जा, कर."

त्यानंतर ती बोलली नाही. चार वाजून दहा मिनिटांनी गेली. नवे फादर पाच वाजता धापा टाकत आले, शेवटच्या संस्काराच्या तेलाची डबी हातात. पण ते तेल जिवंत माणसाला लावायचं असतं. त्यांनी डबी खिशात ठेवली आणि प्रार्थना म्हटली.

धाकट्याला मी नंतर फोन केला. तो पाच मिनिटांत आला, म्हणजे धावत आला असणार. अंगात साधा शर्ट, एका बोटावर खडूची पांढरी पूड. पायथ्याशी उभा राहिला. किती वाळला होता ते मला तेव्हा दिसलं. नवे फादर तर गोल गरगरीत. आंधळ्यालाही ते वाळलेले वाटणार नाहीत.

"कोणाला बोलाव म्हणाली होती का?" त्याने विचारलं.

"फादरला बोलव म्हणाली. मी नव्यांना फोन केला. कबुली द्यायची होती तिला."

त्याने बोटावरची पूड शर्टाला पुसली. मग म्हणाला, "मी घरीच होतो, ताई."

"तू असून काय उपयोग? तुला बंदी आहे."

"मरणाच्या दारात असलेल्याला बंदी नसते. तिथे कोणताही फादर चालतो. काढलेला असला तरी."

"तुझे काहीतरी नवे नियम," मी म्हणाले. आईच्या उशाशी उभी राहून मी हे म्हणाले.

मातीच्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसला. वेदीवर नवे. आईचं सगळं त्यांनी नीट, मनापासून केलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. सगळे गेल्यावर मी फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. ते पत्र अजून तिथेच होतं. वरच्या दोन कोपऱ्यांना टाचण्या, खालचा भाग उन्हाने वळून गुंडाळी झालेला. मी तो बोटाने सरळ केला. शेवटची ओळ होती: 'मात्र मरणाचा धोका असलेल्या व्यक्तीची कबुली ऐकण्यास व तिला पापक्षमा देण्यास त्यांना आडकाठी नाही.'

मी उठून गेले होते. आई शेवटपर्यंत बसली होती. तिने ही ओळ ऐकली होती. चौदा महिने तिला हे माहीत होतं, आणि चौदा महिने तिने 'फादर' हा शब्द एवढ्या एका दिवसासाठी जपून ठेवला होता.

तीन आठवड्यांनी धाकटा लाँड्रीत आला. मी रुमालाला खळ लावत होते. स्टूल ओढून बसला. शनिवारी बंगल्याबाहेर बसायचा तसाच, गुडघे जोडून.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "आईने मला फादर समजून बोलायला सुरुवात केली होती. दोन वाक्यं बोलली. ती म्हणाली की—"

"थांब." त्याने हात वर केला. इतक्या जोरात की मी दचकले. "ते मला सांगू नकोस."

"अरे, तू तिचा मुलगा."

"मुलगा म्हणून मला ऐकायचंच आहे. रोज वाटतं विचारावं. पण ती कबुली होती, ताई. कबुली ज्याच्या कानावर पडते त्याने ती बाहेर काढायची नसते. फादरने ऐकली काय, भिंतीआडून कोणी ऐकली काय, नियम तोच. ते तुझ्याजवळ राहायचं. कायमचं."

"म्हणजे मी काय फादर झाले?"

"फादर नाहीस. तोंड मात्र फादरचं ठेवावं लागेल." तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसाच.

हातातला रुमाल मी परातीत ठेवला, हात पुसले. आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझे गुडघे आता तसे बसत नाहीत, परातीची कड धरावी लागली.

"फादर," मी म्हणाले. चौदा महिन्यांनी, त्यावर आणखी तीन आठवड्यांनी. "मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. मी तुम्हाला बोलावलं नाही. तुम्ही दहा मिनिटांवर होतात."

"ऊठ, ताई." तो पांढराफटक पडला. "ऊठ आधी. मी तुला कधीच माफ केलंय."

"ती भावाची माफी. ती मला तुझी पाटी फोडली तेव्हापासून मिळते आहे, तिचं काय कौतुक? मला दुसरी हवी."

"ती मला देता येत नाही. तू मरणाच्या दारात नाहीस. धडधाकट आहेस."

"एवढं जग अंगावर घेतलंस. हा एक नियम मोडायला काय जातं तुझं?"

"मी नियम बदला म्हणत होतो. मोडला एकही नाही." त्याने माझे दोन्ही दंड धरून मला उभं केलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. "मोडायचा असता तर आई आजारी पडली तेव्हाच तिची कबुली ऐकली नसती का मी?   नव्यांकडे जा, ताई. ते चांगले आहेत. ऐकतील."

मी गेले नाही. नव्यांशी माझं काही वाकडं नाही, पण ज्याचा गुन्हा केला त्याच्याच तोंडून मला ते शब्द ऐकायचे आहेत, आणि ते शब्द म्हणायची त्याला मुभा एकदाच मिळणार, मी मरणाच्या दारात असेन तेव्हा. तोवर आईची दोन वाक्यं मी सांभाळते. इस्त्री करताना ती ओठांवर येतात, मी ओठ मिटते. धाकटा अजून शनिवारी स्टुलावर बसतो. त्याचा फलक आता मी धुते, खळ घालते, त्याच टेबलावर इस्त्री करते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे की नाही ते मला अजून कळत नाही. चुणी मात्र राहू देत नाही.

आईच्या उंच कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद लावला आहे. मला काही झालं तर शेजारपाजारची माणसं माझे कपडे काढायला तेच दार उघडतील. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'फादरला बोलवा. फादर म्हणजे माझा धाकटा भाऊ, सायकल दुकानाच्या वरची खोली. नवे नव्हेत.' खाली फोन नंबर आहे. कागदाची शेवटची ओळ वळून झाकली जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या आहेत.